विहिरीतला इंजिनाचा धूर आणि कंदिलाची खूण



जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोराला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा, ही वाडवडिलांची रीत. कंदील विझला, की समजायचे खाली हवा कोंदट आहे, उतरू नये. ही खूण खरी. पण ती मोटेच्या काळातली. बैल काही धूर सोडत नव्हते.

पुढे ऑईल इंजिन आले. १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि खडकीला इंजिने तयार होऊ लागली. हळूहळू मोटेची जागा इंजिनाने घेतली. पण पंप पाणी वर लांब ढकलतो, खालून मात्र जेमतेम २०-२२ फूटच ओढतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले, की विहिरीत टप्पा काढून इंजिनच खाली उतरवायचे. धूरही तिथेच कोंडतो, आणि अशा विहिरींत माणसे दगावली आहेत.

या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पायांतले बळ जाते. मग माणसाला वर चढवत नाही. घात असा, की हा वायू जीवघेणा झाला तरी कंदील जळतच राहतो. विलायतेत हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात खाणींसाठी हेच दाखवले आणि दिव्याऐवजी उंदीर जवळ ठेवा, असे सुचवले. अमेरिकेत १९२७ साली हॉलंड बोगदा सुरू झाला, तेव्हा मोटारींच्या धुरासाठी ८४ पंखे बसवावे लागले. आपल्या विहिरीत एकही पंखा नसतो!

म्हणून एवढे करा :

१. इंजिन वरच ठेवा. पाणी खोल गेले तर पाणबुडी पंप बसवा.

२. इंजिनघरात सायलेंसरचा पाईप भिंतीबाहेर, खिडकीपासून दूर आणि उंच न्या. सांधे गळू देऊ नका. समोरासमोर झरोके ठेवा.

३. दार लावून ट्रॅक्टर किंवा जनरेटर चालवू नका. डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोल-रॉकेलपेक्षा कमी असतो, पण कोंडल्या जागी तोही घातकच.

४. कोणी खाली पडले तर मागोमाग उतरू नका. १०८ ला फोन करा. वरून बंद करता येत असेल तर इंजिन बंद करा, दोराने ओढता आले तर ओढा.

कंदील जळतो आहे, एवढ्या भरवशावर इंजिनाच्या विहिरीत उतरू नका.