रक्त नक्की किती घट्ट असतं?

"डॉक्टर, माझं रक्त घट्ट झालंय का?" हा प्रश्न दवाखान्यात मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात रक्त म्हणजे साखरेचा पाक असतो, एकतारी नाहीतर दोनतारी. उत्तर देण्याआधी तुम्हाला थोडं मागे, पॅरिसला नेतो.

तिथल्या ज्याँ प्वाझई या डॉक्टरनं 1828 साली पाऱ्याची नळी वापरून प्राण्यांच्या धमन्यांतला दाब मोजला. (आम्ही आजही रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगतो.) पुढे त्याला बारीक रक्तवाहिन्यांतल्या प्रवाहाचं कोडं पडलं. त्यानं केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या घेतल्या आणि त्यातून पाणी सोडलं. 1840 च्या सुमारास त्याचा नियम हाती आला: दाब तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह निम्मा नव्हे, सोळावा हिस्सा उरतो! व्यास नुसता दहा टक्के घटला तरी प्रवाह सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो.

पण पाणी साधं असतं. कितीही जोरानं ढकला, त्याचा दाटपणा बदलत नाही. रक्तात जवळपास 45 टक्के जागा लाल पेशींनी व्यापलेली असते. प्रवाह संथ झाला की या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त दाट होतं. वेग वाढला की चळती मोडतात, पेशी लांबट होऊन प्रवाहाच्या दिशेनं वळतात, आणि तेच रक्त पातळ होतं. टोमॅटो सॉसची बाटली जोरात हलवल्यावर होतं तसंच.

1931 साली स्वीडनच्या फोरेउस (ईएसआर तपासणीमागचं एक मोठं नाव) आणि लिंडक्विस्ट यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. 0.3 मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत रक्त पातळ असल्यासारखं वाहतं. लाल पेशी मधोमध सरकतात आणि कडेला प्लाझ्माचा निसरडा थर राहतो. गंमत म्हणजे बेडकाच्या बारीक रक्तवाहिन्यांत हा कडेचा स्वच्छ थर प्वाझईनंही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता.

तेव्हा रक्त किती घट्ट, हे ते कुठे आणि किती वेगानं वाहतंय यावरही ठरतं. लाल पेशी फार वाढल्या किंवा शरीरातलं पाणी खूप कमी झालं, तर ते खरोखर दाट होतं.

आणि तुमची 'रक्त पातळ करायची गोळी'? अ‍ॅस्पिरिन रक्त पातळ करतच नाही. ती प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. स्टेंट बसवलेले एक गृहस्थ "आता पुरेसं पातळ झालं असेल" म्हणून ती परस्पर बंद करून आले होते. त्यांना मी हीच सगळी गोष्ट सांगितली, पण गोळी आधी सुरू करून.