सत्तासंघर्ष खटला

सत्तासंघर्ष खटला (सुभाष देसाई विरुद्ध महाराष्ट्राच्या राज्यपालांचे प्रधान सचिव) : शिवसेनेतील जून २०२२च्या फुटीतून उभे राहिलेले आणि ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने एकमताने निकाली काढलेले प्रकरण. पक्षांतरबंदी, राज्यपालांचे अधिकार आणि व्हीप बजावण्याचा हक्क या तिन्ही बाबतींत हा निकाल महत्त्वाचा मानला जातो. राज्यातील सत्तेला मात्र त्याने धक्का लागला नाही. जे हलायचे होते ते आदल्या वर्षीच, दोन छोट्या अंतरिम आदेशांच्या आसपास हलून गेले होते.

फुटीचे केंद्र ठाणे होते. कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे हे ठाण्यातील शिवसेना नेते आनंद दिघे यांच्या तालमीतले. १९९७ साली ठाणे महापालिकेत नगरसेवक, २००४पासून विधानसभेत. मुलगा श्रीकांत २०१४पासून कल्याणचा खासदार. २० जून २०२२ रोजी विधान परिषदेचे मतदान आटोपताच शिंदे काही आमदारांसह सुरतला गेले आणि तेथून गुवाहाटीला. दुसऱ्या दिवशी पक्षाने त्यांना गटनेतेपदावरून काढले. उलट बाजूने शिंदे गटाने प्रतोद सुनील प्रभू यांना हटवून त्या जागी भरत गोगावले यांना नेमल्याचा ठराव केला. मग विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवळ यांनी १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. त्यांत शिंदे होते, तसेच अंबरनाथचे बालाजी किणीकरही होते.

पहिला आदेश २७ जूनचा. न्या. सूर्य कांत आणि न्या. जमशेद पारडीवाला यांच्या सुट्टीकालीन खंडपीठाने आमदारांना उत्तर देण्यासाठी १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. आमदारांच्या याचिकेला आधार होता २०१६च्या नबाम रेबिया निकालाचा : अध्यक्षांना पदावरून दूर करण्याची नोटीस प्रलंबित असताना त्यांनी अपात्रतेचा निवाडा करू नये, असे त्यात म्हटले होते. दुसरा आदेश २९ जूनच्या रात्रीचा. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घेण्यास सांगितले होते. तिला स्थगिती द्यायला न्यायालयाने नकार दिला. थोड्याच वेळात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा जाहीर केला. ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले, ४ जुलैला त्यांनी १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. त्याच आठवड्यात ठाणे महापालिकेतील शिवसेनेच्या ६७ माजी नगरसेवकांपैकी ६६ जण त्यांच्याकडे गेले. शहराचा कौल कायद्याच्या कौलाची वाट पाहत थांबला नाही.

घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायमूर्तींनी तो ऐकावा, असे अनुच्छेद १४५(३) सांगते. पीठावर कोण बसणार हे सरन्यायाधीश ठरवतात, आणि निवृत्तीची तारीख सर्वांनाच ठाऊक असते. सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांच्या त्रिसदस्यीय पीठाने प्रकरण घटनापीठाकडे पाठवले ते २३ ऑगस्ट २०२२ रोजी, त्यांच्या निवृत्तीच्या तीन दिवस आधी. पुढे धनंजय चंद्रचूड, एम. आर. शाह, कृष्ण मुरारी, हिमा कोहली आणि पी. एस. नरसिंह यांच्या पीठाने १६ मार्च २०२३ रोजी सुनावणी संपवली. १५ मे रोजी न्या. शाह निवृत्त होणार होते. निकाल त्याआधी चार दिवस आला. ठाकरेंचे वकील कपिल सिब्बल आणि शिंदेंचे हरीश साळवे यांचे युक्तिवाद कितीही लांबले असते तरी ही मर्यादा ओलांडता आली नसती.

निकाल वाचताना आधी ठाकरे जिंकले असे वाटते. व्हीप राजकीय पक्षाचा असतो, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. म्हणून अध्यक्षांनी गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा. राज्यपालांकडे बहुमताविषयी शंका घेण्याजोगा वस्तुनिष्ठ आधार नव्हता. पक्षांतर्गत भांडण मिटवण्यासाठी बहुमत चाचणी वापरता येत नाही. अपात्रतेतून वाचवणारी फुटीची सबब तर २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनेच गेली होती. पण ठाकरेंनी चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचे सरकार परत बसवता येत नाही; आणि जागा रिकामी झाल्यावर शिंदेंना बोलावणे योग्यच होते. चाचणी बेकायदा, तिला सामोरे न गेल्याचा तोटा मात्र ठाकरेंचा, हे तर्कशास्त्र कायद्याच्या वर्गात जितके सरळ दिसते तितके दादरच्या शिवसेना भवनात दिसले नसेल. दोन्ही बाजूंनी त्या दिवशी विजयाचा दावा केला, आणि दोघांनाही निकालपत्रात उतारे सापडले.

अपात्रतेचा निर्णय न्यायालयाने स्वतःकडे घेतला नाही. तो विधानसभा अध्यक्षांनी वाजवी मुदतीत द्यावा, केवळ आमदारांच्या संख्येवरून खरा पक्ष ठरवू नये, असे बजावले. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांना त्यानंतर न्यायालयाला वेळापत्रकासाठी टोकावे लागले, मुदत ठरवून द्यावी लागली, ती वाढवावीही लागली. १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी १९९९ची पक्षघटना प्रमाण मानून शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली आणि कोणालाही अपात्र केले नाही. निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह शिंदेंना आधीच, १७ फेब्रुवारी २०२३ रोजी, देऊन टाकले होते. नार्वेकरांच्या निर्णयाविरुद्ध ठाकरे गट पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. ती याचिका प्रलंबित असतानाच ठाण्यात नरेश म्हस्के आणि कल्याणात श्रीकांत शिंदे लोकसभेवर निवडून आले. नोव्हेंबर २०२४मध्ये ती विधानसभाही संपली आणि अपात्र ठरवायला त्या सभागृहाचा आमदारच उरला नाही. नबाम रेबियाचा फेरविचार घटनापीठाने सात न्यायमूर्तींकडे सोपवला आहे, कारण पाचांनी दिलेला निकाल पाचांना उलटवता येत नाही.

याच काळात दुसऱ्या एका प्रकरणाने कल्याण-डोंबिवलीचे राजकारण अधिक खोलवर गोठवले, फक्त वाहिन्यांवर त्याची चर्चा कमी झाली. ४ मार्च २०२१ रोजी विकास गवळी प्रकरणात न्या. अजय खानविलकर यांच्या पीठाने स्थानिक संस्थांतील ओबीसी आरक्षणाला तिहेरी चाचणी लावली : समर्पित आयोग, संस्थानिहाय आकडेवारी आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा. आकडेवारी सरकारकडे नव्हती. जुलै २०२२मध्ये त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल स्वीकारला गेला, पण महिनाभरातच ‘जैसे थे’चा आदेश आला. प्रभाग रचनेवरून सरकारे बदलत्या भूमिका घेत राहिली आणि सुनावण्या पुढे जात राहिल्या. दोष एकट्या न्यायालयाचा नाही : कल्याण-डोंबिवलीची २०२०ची निवडणूक आधी करोनानेच लांबवली होती. मात्र नोव्हेंबर २०२०पासून तिथे आणि मार्च २०२२पासून ठाण्यात प्रशासकराज आले. रस्ता, पाणी, कचरा यासाठी नागरिकाने कोणाला जाब विचारायचा, तर आयुक्तांना.

६ मे २०२५ रोजी न्या. सूर्य कांत आणि न्या. कोटीश्वर सिंह यांनी चार महिन्यांत स्थानिक संस्थांच्या निवडणुका उरकण्यास सांगितले. सप्टेंबरात ती मुदत ३१ जानेवारी २०२६पर्यंत वाढली. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसह २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. कल्याण-डोंबिवलीत त्याआधीची सार्वत्रिक निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ रोजी झाली होती.