ग्रंथहक्क आणि विद्यार्थी

शाळेच्या कामासाठीं मुलें आतां निबंधाबरोबर लहानसा व्हिडिओहि करितात, आणि त्यांत एखाद्या चित्रपटाचा तुकडा किंवा गाण्याच्या चार ओळी सहज येऊन बसतात. एक पालक म्हणतो, ही चोरी आहे. दुसरा म्हणतो, शिक्षणासाठीं सर्व कांहीं चालतें. आमच्या मतें हीं दोन्हीं उत्तरें उतावळेपणाचीं आहेत. ग्रंथहक्काचा इतिहास पाहिला, तर कर्त्याचा हक्क आणि विद्यार्थ्याची मोकळीक हीं सख्खीं भावंडें आहेत, असें दिसून येईल.

इंग्लंडांत राणी ॲनच्या कारकीर्दींत, १७१० सालीं, या विषयाचा जो कायदा अमलांत आला, त्याच्या नांवांतच विद्येस उत्तेजन देण्याचा हेतु नमूद केलेला होता. नव्या ग्रंथास १४ वर्षें हक्क, कर्ता हयात असल्यास आणखी १४. पुढें ग्रंथ सर्वांचा. हक्क जन्मला तो आपली मर्यादा बरोबर घेऊनच.

ही मर्यादा पुढें आंखली गेली, तीहि बहुधा विद्यार्थ्यांच्या पुस्तकांवरूनच. अमेरिकेंत जॅरेड स्पार्क्स यांनीं वॉशिंग्टनचे लेख व पत्रें १२ खंडांत प्रसिद्ध केलीं होतीं. चार्ल्स अपहम यांनीं त्यांतील ३५३ पानें उचलून आपलें ८६६ पानांचें चरित्र सजविलें. तें शाळांच्या ग्रंथालयांसाठीं होतें. तरीहि १८४१ सालीं न्यायमूर्ति जोसेफ स्टोरी यांनीं निकाल त्याच्या प्रकाशकांविरुद्ध दिला. घेतलें तें कोणत्या हेतूनें, किती व किती मोलाचें, आणि त्यामुळें मूळ ग्रंथाच्या खपास किती बाध येतो, हें पाहावें, असें त्यांनीं सांगितलें. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यांत ‘न्याय्य उपयोगा’चें जें कलम आहे, त्याचें मूळ येथें आहे.

असाच एक वाद आमच्या मुंबईंतून निघाला. प्लुटार्कच्या अलेक्झांडर-चरित्राचें नॉर्थकृत जुनें भाषांतर संक्षिप्त करून, टीपा जोडून, मॅकमिलन कंपनीनें शाळांसाठीं काढिलें होतें, मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनींहि तसेंच पुस्तक काढिलें. १९२३ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, जुन्या मजकुरांतून नुसते उतारे निवडून जोडल्यानें त्या मजकुरावर नवा हक्क उत्पन्न होत नाहीं. टीपा मात्र विद्वत्तेचें व श्रमाचें फळ आहेत, त्या उचलतां येणार नाहींत. एकाच पुस्तकाचें एक अंग सर्वांचें, दुसरें कर्त्याचें!

हा सूक्ष्म भेद मुलांस समजवावा कसा? अमेरिकेंतील बकनेल विद्यापीठाचे अध्यापक एरिक फेडन यांनीं २००७ सालीं ‘अ फेअरी यूज टेल’ हा सुमारें दहा मिनिटांचा बोधपट केला. डिस्नेच्या व्यंगपटांतील पात्रांच्या तोंडचे शब्द, एकेक दोनदोन, वेंचून त्यांनीं जोडिले, आणि त्या पात्रांकडूनच ग्रंथहक्काचें व्याख्यान वदविलें. अमेरिकेंत १९९८ सालीं हक्काची मुदत २० वर्षांनीं वाढली, तेव्हां त्या वाढीचा आग्रह धरणाऱ्यांत डिस्ने कंपनीहि होती. म्हणून ही निवड मोठी मार्मिक आहे. तुकडे अगदीं लहान, हेतु निराळा, आणि हा बोधपट पाहून मूळ चित्रपट पाहण्याची कोणास गरज उरली नाहीं, असें होणार नाहीं. जो नियम शिकवावयाचा, त्याचेंच हें उदाहरण झालें.

तथापि परदेशचा नियम जसाचा तसा येथें लागू होत नाहीं. आपल्या १९५७ च्या कायद्याचें ५२ वें कलम मोकळिकी एकेक करून सांगतें, त्यांत अध्यापनहि आहे. दिल्ली विद्यापीठांतील छायाप्रतींच्या वादांत तेथील उच्च न्यायालयानें २०१६ सालीं याच कलमाचा अर्थ केला, आणि शिकविण्याच्या प्रयोजनास लागेल तेवढी नक्कल वर्ज्य नाहीं, असें मानिलें. येथेंहि कसोटी प्रयोजनाचीच.

म्हणून मुलांच्या हातीं निषेधांची यादी देऊं नये, आणि मूळ कर्त्याचें नांव लिहिलें कीं भागलें, असेंहि सांगूं नये. तुकडा कशासाठीं घेतलास, त्याहून कमी पुरला असता काय, आणि तुझें त्यांत काय आहे, एवढें घरींच विचारावें. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्याला देतां येईल, तो पहिल्या दोहोंत सहसा चुकणार नाहीं.