युद्ध संपलं, कायदा राहिला

आजची गोष्ट बावीसशे वर्षांपूर्वीची, रोम शहरातली. पण ऐकताना परकी वाटणार नाही बघा.

इ.स.पू. २१६ साली कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत घुसलेला होता. कॅनीच्या लढाईत एका दिवसात रोमची जवळपास ५०,००० माणसं पडली. घरोघरी सुतक. सीरीज या धान्यदेवतेचा सण बायकांनीच करायचा, पण सुतकातल्या बाईला तो चालत नसे, म्हणून सण राहूनच गेला. शेवटी राज्यकर्त्यांनी हुकूम काढला, शोक ३० दिवसांच्या आत उरकायचा. म्हणजे रडायलाही मुदत!

पुढच्या वर्षी ओपियस नावाच्या प्रतिनिधीने कायदा आणला. कुठल्याही बाईने अर्ध्या औंसापेक्षा, म्हणजे आपल्या तोळा-सव्वा तोळ्यापेक्षा, जास्त सोनं बाळगायचं नाही. रंगीबेरंगी वस्त्र नेसायचं नाही. सणवार सोडून शहरात गाडीत बसायचं नाही. वेळ वाईट होती, बायकांनी सोसलं. विधवांचा पैसासुद्धा सरकारी खजिन्यात गेला.

इ.स.पू. २०१ मध्ये रोम जिंकलं. पुरुष जांभळ्या काठाची वस्त्रं मिरवू लागले. बायकांचा कायदा मात्र तसाच. भीतीच्या दिवसांत घातलेलं बंधन भीती गेल्यावर आपोआप सुटत नाही. ते सोडवायला कुणीतरी उठावं लागतं.

इ.स.पू. १९५ मध्ये कायदा रद्द करायचा प्रस्ताव आला, आणि बायका रस्त्यावर आल्या. नुसत्या शहरातल्या नाही, आसपासच्या गावांतूनही. सभेला जाणाऱ्या पुरुषांना त्या वाटेत गाठून सांगत होत्या. त्या वर्षीचा मुख्य अधिकारी कॅटो भडकला. त्याचं म्हणणं, आपापल्या नवऱ्याला घरात विचारायचं होतं, परक्या पुरुषांना रस्त्यात कशाला? आणि बायका आज बरोबरीला आल्या तर उद्या वरचढ होतील. (हे भाषण लिव्ही या इतिहासकाराने पावणेदोनशे वर्षांनी लिहिलं. शब्द त्याचे असतील, पण सूर ओळखीचा आहे की नाही?)

व्हॅलेरियसने उत्तर दिलं. कायदा युद्धापुरता होता, युद्ध संपलं. संकटात बायकांकडून घेतलंत, आता चांगल्या दिवसांत त्यांचाच वाटा का नाही? त्याने बायकांना थोडं हळवं, दागिन्यांवर जीव असलेलं ठरवलं, ते मला पटत नाही. आपल्याकडेही बाईचं सोनं म्हणजे नुसती हौस नसते, अडीनडीचा आधार असतो. पण बाजू त्याने आपली घेतली, हे खरं.

दोन प्रतिनिधी, दोघंही ब्रूटस घराण्यातले, प्रस्ताव अडवून बसले होते. दुसऱ्या दिवशी आणखी बायका जमल्या आणि त्यांनी या दोघांची दारंच अडवली. विरोध मागे घेईपर्यंत हलल्या नाहीत.

मतदान पुरुषांचंच होतं, बाईला मत नव्हतं. तरी मतदारांच्या सगळ्याच्या सगळ्या गटांनी कायदा रद्द केला. वीस वर्षांनी. कॅटो लगोलग जहाजं घेऊन स्पेनच्या मोहिमेवर निघून गेला.