हातातली डायरी : निवड सेलची
पत्ते, भेटी आणि कामांच्या नोंदी ठेवणारा ‘पायलट’ १९९६ साली बाजारात आला. १९९९च्या ‘पाम फाइव्ह’मध्ये चार्ज होणारी बॅटरी होती, उपकरण देखणे, पण विजेवर अवलंबून. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात फिरणाऱ्यास मात्र दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारे जुने मॉडेलच अधिक सोयीचे. सेलची जोडी खिशात नेता येई. सेल पूर्ण संपले की सर्व नोंदी पुसल्या जात, आणि बदलताना जेमतेम मिनिटभराची सवड मिळे. म्हणून प्रवासापूर्वी ‘हॉटसिंक’ करून संगणकावर प्रत ठेवणे अत्यावश्यक होते. ‘ग्रॅफिटी’ लेखनपद्धती देवनागरी ओळखत नसे. त्यामुळे गावांची नावे रोमनमध्ये लिहावी लागत. धडगावातला ‘ड’ तेथे ‘द’सारखाच दिसे.