हरिपाळदेव हरतो तेव्हा: लीळाचरित्रातला एक जुगार

पोकर खेळणाऱ्यांकडे दोन शब्द आहेत. नीट खेळूनही शेवटच्या पानाने घात केला की ‘बॅड बीट’. आणि त्या रागात पुढचे डावही उधळले की ‘टिल्ट’. आमच्या नाटे भागात गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती बसते तिथे हे शब्द नाहीत. ‘पानंच लागली नाहीत’ म्हणायचं आणि पुढचा डाव घ्यायचा. पण जुन्या मराठीत हरलेला माणूस शोधायचा तर कुठे जायचं?

तो मराठी गद्याच्या अगदी सुरुवातीलाच भेटतो. म्हाइंभटाने तेराव्या शतकात लीळाचरित्र रचलं. त्याच्या ‘एकांक’ भागात चक्रधरांची आधीची कथा येते. गुजरातच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव जुगारात हरतो. देणं फेडायला तो बायकोकडे, कमळाइसेकडे, दागिने मागतो. ती नाही म्हणते. पैसे अखेर वडील भरतात. पण हरिपाळाचं मन संसारातून उठतं आणि रामटेकच्या यात्रेचं निमित्त काढून तो घर सोडतो.

हे वाचून ‘मध्ययुगीन जुगाऱ्याचं मन’ असं प्रकरण लिहायचा मोह होतो. जरा थांबा. महाभारतातला नळही सगळं हरतो, पण तो सोडून देत नाही. ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या शिकतो, परत खेळतो आणि राज्य मिळवतो. (हाच ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं न मोजता सांगतो, म्हणून संभाव्यतेच्या इतिहासात इयन हॅकिंगने या कथेची दखल घेतली आहे.) नळाच्या कथेला राज्य परत हवंय, हरिपाळाच्या कथेला वैराग्य. म्हणजे हार पचवायची रीत दोन्हीकडे कथेच्या पुढच्या गरजेनेच ठरलेली आहे. त्यावरून माणसांच्या मनाबद्दल फार काही हाती लागत नाही.

मग उपयोगाचं काय? सांगणाऱ्याने सहज, गृहीत धरून टाकलेले तपशील. इथे बायको नाही म्हणू शकते, आणि ते कुणाला अशक्य वाटत नाही. आता याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय उघडा. नवऱ्याचं कर्ज बायकोने किंवा मुलाचं कर्ज बापाने फेडायची जबाबदारी नाही, कुटुंबासाठी काढलेलं असेल तरच आहे. नवऱ्याने स्त्रीधन घेतलं तर कोणत्या प्रसंगी परत करायला नको, तेही सांगितलंय: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण, अटकाव. जुगाराचं नाव त्यात नाही.

अर्थात स्मृतीत लिहिलं म्हणजे घरोघरी तसंच चाललं, असं धरू नका. पण या नियमाने पाहिलं तर बाप आणि बायको दोघंही मोकळे होते. तरी बाप पैसे भरतो. प्रधानाच्या घराची अब्रू, मुलाची माया, की जिंकणाऱ्यांचा तगादा? सध्या मी याच जागेवर अडकले आहे, आणि वि. भि. कोलते यांच्या आवृत्तीशेजारी इतर पाठ ठेवून हा प्रसंग पुन्हा वाचते आहे.