'पतित' आणि 'कृपा' : पंडिता रमाबाईंच्या संदर्भात एक विचार

'पतितपावन' हे विशेषण मराठी भक्तिपरंपरेने विठ्ठलाला शतकानुशतके लावले आहे. परंतु संतकाव्यात 'पतित' हा शब्द बहुधा प्रथमपुरुषी असतो. कवी स्वतःलाच पतित म्हणवितो आणि त्या विनयातूनच कृपेचा अधिकारी ठरतो. समाजव्यवहारात मात्र 'पतिता' हा शब्द तृतीयपुरुषी आहे. तो इतरांनी एखाद्या स्त्रीवर लादलेला निवाडा असतो. कान्होपात्रेच्या आख्यायिकेत ही दोन्ही रूपे एकत्र येतात. मंगळवेढ्याच्या गणिकेच्या या मुलीला विठ्ठलचरणी आश्रय मिळतो, पण तो मृत्यूच्या रूपाने. जिवंतपणी तिने कोठे राहावे, या प्रश्नाला आख्यायिकेत उत्तर नाही.

पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) ख्रिस्ती कृपाविचाराचे महत्त्व या प्रश्नाच्या संदर्भातच ध्यानात येते. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनीसंघाच्या सहवासात असताना त्यांनी लंडनमधील फुलम येथे 'पतित' मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चाललेले कार्य पाहिले. तेथील काही स्त्रिया पुढे स्वतःच रुग्णसेवेला लागल्या होत्या. या दयेचे मूळ कोणते, या जिज्ञासेचे उत्तर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेत मिळाले. 1907 च्या इंग्रजी आत्मनिवेदनात या अनुभवाला त्यांनी निर्णायक स्थान दिले आहे. त्या कथेत येशू त्या स्त्रीचा पूर्वेतिहास जाणतो, तरीही संवाद तोडत नाही. तिच्याकडे पाणी मागून तोच याचकाच्या जागी उभा राहतो. धर्मशास्त्रांतील दंडविधान ज्ञात असलेल्या विदुषीला हा भेद जाणवला नसता तरच नवल.

29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि कृपेला संस्थारूप येण्यास अवधी लागला. 1889 मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदासदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. 1896–97 च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनात नाना जातींच्या मुली आल्या आणि 1899 मध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. पात्रतेची अट अशी क्रमाक्रमाने गळत गेली. काव्यातील कृपेला येथे दार, अन्न आणि काम मिळाले.

परंतु एक ताण येथेही उरतो. कृपासदन ही वेगळी वास्तू होती आणि तिचे वेगळेपण त्या स्त्रियांची जुनी ओळख पुसत नव्हते. निवाडा न करण्याचे तत्त्व संस्थेत आणताना वर्गीकरण टाळता येत नाही आणि वर्गीकरण हा निवाड्याचाच सौम्य प्रकार होय. रमाबाईंचे कार्य या विसंगतीपासून मुक्त होते असे म्हणणे चरित्रपूजेला शोभेल, समीक्षेला नव्हे.

या विसंगतीला छेद देणारे त्यांचे एक कार्य भाषेच्या क्षेत्रातले आहे. हिब्रू आणि ग्रीक मूळ संहितांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालविली. सामान्य स्त्रीला मध्यस्थावाचून कळेल अशी भाषा, हे त्यांचे ध्येय होते. मध्यस्थ नाहीसा झाला की 'पतिता' तृतीयपुरुषातून बाहेर पडते आणि शोमरोनी स्त्रीची कथा स्वतःची म्हणून वाचू लागते. कृपेची खरी कसोटी या वाचनाधिकारात आहे.